फटफटी : एका सिलिंडरचा भारतीय प्रवास

१/
मराठीने मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरून. हा शब्द जन्माला घालणारा आवाज मात्र प्रत्येक मोटारसायकलचा नसतो. चार सिलिंडरांचे इंजिन सलग गुंजते. ठोके सुटे सुटे ऐकू येतात ते मोठ्या, संथ चालणाऱ्या, एकाच सिलिंडरच्या इंजिनाचे. म्हणजे एक यंत्ररचना थेट भाषेत नोंदली गेली. त्या यंत्ररचनेच्या भारतातील सर्वांत दीर्घायुषी प्रतिनिधीचा, ३५० सीसीच्या बुलेटचा, हा इतिहास.

२/
बुलेटविषयीची लोकप्रिय कथा सुटसुटीत आहे : लष्कराने निवडली म्हणून ती भक्कम, आणि भक्कम म्हणून ती टिकली. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. जी मोटारसायकल तिच्या जन्मदेशातून साठच्या दशकात नाहीशी झाली, ती भारतात सात दशके कशी राहिली? आणि रोज कचेरी गाठायला व सुट्टीत महामार्ग कापायला ती खरोखर कितपत योग्य आहे? उत्तर शोधताना धातूइतकेच धोरणाकडे, रस्त्यांकडे आणि करांकडेही पाहावे लागते.

३/
प्रारंभ इंग्लंडमधील रेडिच गावी. सुया आणि सायकली बनवणाऱ्या या परगण्यातील एका कारखान्याची सूत्रे १८९१ मध्ये अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांच्या हाती आली. मिडलसेक्समधील एनफिल्ड येथील शाही शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरवण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्यातून ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव घडले. बंदुकीसारखी घडण ही त्यांची जाहिरात त्याच नात्यावर बेतलेली होती. पहिली मोटारसायकल आली १९०१ मध्ये.

४/
‘बुलेट’ हे नाव १९३२ मध्ये प्रथम झळकले आणि २५०, ३५० व ५०० सीसी अशा तीन आकारांना ते देण्यात आले. हे आकडे सहज आलेले नव्हते. आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ‘ज्युनिअर’ गट ३५० सीसीचा आणि ‘सीनिअर’ गट ५०० सीसीचा असे. ब्रिटिश कारखाने याच मापांत इंजिने घडवीत. शर्यतीच्या नियमातून आलेला ३५० हा आकडा या कथेत शेवटी अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटेल.

५/
दुसऱ्या महायुद्धात रेडिचने ब्रिटिश सैन्यासाठी ३५० सीसीच्या मोटारसायकली बनवल्या, शिवाय विमानातून उतरवता येणारी १२५ सीसीची चिमुकली ‘फ्लाइंग फ्ली’ही बनवली. पण भारतात आलेली बुलेट युद्धानंतरची. तिच्या मागच्या चाकाला झुलता दांडा आणि तेलाचे शॉक अॅब्सॉर्बर होते. त्या काळी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे. १९४८ मध्ये इटलीतील सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघात बुलेटस्वार होते.

६/
या इंजिनाची मापे त्याचा स्वभाव सांगतात. सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी, एकूण आकारमान ३४६ सीसी. म्हणजे अरुंद आणि उंच सिलिंडर, लांब धाव. अशा इंजिनाला जड गतिचक्र जोडले की ते कमी फेऱ्यांतही भरपूर ओढ देते. चढावर गिअर उतरवण्याची घाई नाही, चिखलातून निघताना इंजिन बंद पडण्याची धास्ती नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की फार वेगाने फिरणे त्याच्या प्रकृतीला मानवत नाही.

७/
आता तो प्रसिद्ध ठोका. चार आघातांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर स्फोट होतात मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला साधारण सात. त्याच गतीला चार सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला सत्तावीसच्या आसपास स्फोट करते आणि कानाला त्याची एकच सलग रेघ ऐकू येते. ‘फटफटी’ या शब्दाचे गणित एवढेच आहे.

८/
भारतात ही मोटारसायकल आणली ती के. आर. सुंदरम अय्यर आणि के. ईश्वरन यांच्या मद्रास मोटर्सने. आयात सुरू झाली १९४९ मध्ये. पन्नाशीच्या प्रारंभी भारतीय सैन्याला सीमावर्ती भागांतील गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या आणि निवड ३५० सीसीच्या बुलेटवर पडली. शेकडोंच्या संख्येने मागणी रेडिचला गेली. सैन्याची मागणी म्हणजे एकदाची विक्री नव्हे. वर्षानुवर्षे सुटे भाग, दुरुस्ती आणि पुन्हा नवी मागणी अशी ती साखळी असते.

९/
इथे धोरणाचा प्रवेश होतो. औद्योगिक परवान्यांची चौकट १९५१ च्या कायद्याने उभी राहिली होती. १९५३ नंतर सरकारचे धोरण स्पष्ट झाले : परदेशी भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्यांना वाव नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवावे लागतील. याच वातावरणात १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली. मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे कारखाना आला. प्रथम इंग्लंडहून आलेल्या भागांची जुळणी होई. १९६२ पर्यंत सर्व भाग भारतात बनू लागले.

१०/
आणि नेमक्या या टप्प्यावर काळ गोठला. परकीय चलनाची टंचाई पन्नाशीच्या उत्तरार्धात तीव्र झाली होती. नवा साचा, नवे यंत्र, नवा परवाना यांपैकी काहीही सहज मिळत नसे. एकदा बसवलेल्या यंत्रांवर जे बनते तेच बनवत राहणे हा त्या काळच्या कारखानदारीचा शहाणपणा होता. रेडिचचे अभियंते बुलेटमध्ये दरवर्षी काही ना काही बदलत होते. तिरुवोट्टियूरची बुलेट मात्र पन्नाशीतल्या आराखड्यावरच उभी राहिली.

११/
पुढचा प्रसंग इतिहासाच्या विडंबनशक्तीचा नमुना म्हणावा असा आहे. इंग्लंडमध्ये साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बुलेट यादीतून गळाली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० मध्ये ब्रिटिश रॉयल एनफिल्डचा शेवटच झाला. अद्ययावत होणारी शाखा मेली, गोठलेली शाखा जगली. १९७७ मध्ये तर मद्रासची बुलेट ब्रिटन आणि युरोपच्या बाजारात निर्यात होऊ लागली. मूळ घरी नाहीशी झालेली वस्तू वसाहतीतून परत येत होती.

१२/
त्या काळी बुलेट एकटी नव्हती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावर २५० सीसीची जावा बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव येझदी झाले. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या आराखड्यावर बेतलेली, १७५ सीसी वर्गातील. दोन्ही एकाच सिलिंडरच्या, पण दोन आघातांच्या. रचना सोपी, किंमत कमी, धूर अधिक. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने राजदूतच्या छोट्या भावंडाला घरोघरी पोचवले. तरीही ओझे, अंतर आणि चढ यांचा प्रश्न आला की बुलेटचे नाव पुढे येई.

१३/
महाराष्ट्राच्या खेड्यांत तिचे चाहते ठरलेले होते : पोलीस, बागाईतदार, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून डेअरी गाठणारे गवळी. रस्ता म्हणजे बहुधा खडीचा किंवा एकपदरी डांबरी. त्यावर ताशी ४० ते ५० किमी हाच व्यवहारातला वेग. कमी फेऱ्यांत ओढणारे इंजिन, जड सांगाडा आणि मोठी चाके या रस्त्याला अनुरूप होती. यंत्र बदलले नाही हे खरे, पण ज्या रस्त्यासाठी ते घडले होते तो रस्ताही तीन दशके फारसा बदलला नव्हता.

१४/
तिला चालू करणे हा एक विधी होता. चावी फिरवायची आणि किक हळूहळू दाबत अॅमीटरचा काटा मध्यावर येण्याची वाट पाहायची. तो मध्यावर आला की पिस्टन दाबाच्या टप्प्याजवळ पोचला. मग डीकॉम्प्रेशनचा चिमटा ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, चिमटा सोडायचा आणि पूर्ण ताकदीने किक. चुकले तर किक उलटून पायाला तडाखा. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, त्यामुळे इतर गाडीवर शिकलेला माणूस बुलेटवर पुन्हा नवशिका ठरे.

१५/
तरीही या कटकटीत एक मोठी सोय दडलेली होती. एक सिलिंडर म्हणजे एक स्पार्क प्लग, एक कार्ब्युरेटर, दोन व्हॉल्व्ह. टॅपेटमधील अंतर रस्त्याकडेला पाने घेऊन लावता येई. गिअरपेटी इंजिनापासून वेगळी, त्यामुळे एकाच्या दुरुस्तीसाठी दुसरे उघडावे लागत नसे. तालुक्याच्या गावातला मिस्त्री कोणत्याही पुस्तकाविना ती उघडे आणि पुन्हा बसवी. भारतात बुलेट टिकली त्यामागे कारखान्याइतकेच या अनाम मिस्त्रींचे हात आहेत.

१६/
गोठलेला काळ वितळला तो ऐंशीच्या दशकात. जपानी सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या आल्या : १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, मग कावासाकी बजाज. सीडी १०० चे ९७ सीसीचे छोटे इंजिनही एकाच सिलिंडरचे आणि चार आघातांचे होते, पण ते बुलेटच्या तुलनेत अगदी थोडे पेट्रोल पीत असे आणि किक एका हलक्या पायाने बसे. पगारदार मध्यमवर्गाला कचेरी गाठायला हेच हवे होते. ‘मायलेज’ हा शब्द घराघरांत पोचला तो या काळात.

१७/
एनफिल्डने प्रतिकार केला, पण चमत्कारिक रीतीने. नव्वदच्या दशकात तिने डिझेलवर चालणारी ‘टॉरस’ विकली : इंजिन ३२५ सीसीचे, शक्ती अवघी साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा. डिझेल स्वस्त होते म्हणून शेतकरी आणि व्यापारी तिच्याकडे वळले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि ती गाडी संपली. मुख्य प्रश्न मात्र तसाच राहिला. जिची ओळखच जुनेपणा आहे, ती वस्तू नव्या बाजारात कोणाला विकायची?

१८/
१९९० मध्ये आयशर समूहाने कंपनीत भाग घेतला आणि १९९४ मध्ये ती पूर्णतः आपल्या हाती घेतली. ‘एनफिल्ड इंडिया’ पुन्हा ‘रॉयल एनफिल्ड’ झाली. तरी २००० सालापर्यंत परिस्थिती अशी होती की महिन्याला सुमारे दोन हजार मोटारसायकली विकल्या जात आणि विभाग बंद करावा की विकावा यावर विचार चालू होता. सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांनी तेव्हा या विभागाची सूत्रे घेतली. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता. बुलेटच्या वाट्यालाही तेच येणे अगदी शक्य होते.

१९/
त्याच सुमारास भारताचे रस्ते बदलू लागले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुमारे ५,८४६ किमीचा सुवर्ण चतुष्कोन चौपदरी होऊ लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २००१ मध्ये बजाजच्या पल्सरने १५० आणि १८० सीसीचा नवा वर्ग लोकप्रिय केला. माहिती तंत्रज्ञानाच्या पगारावर जगणाऱ्या तरुणाच्या हाती आता शनिवार, रविवार, थोडी बचत आणि गुळगुळीत डांबर होते. मोटारसायकल गरजेची वस्तू होती, ती हौसेचीही होऊ लागली.

२०/
बुलेटचा पुनर्जन्म येथे झाला, पण जुन्या इंजिनावर नव्हे. प्रथम ऑस्ट्रियाच्या ‘एव्हीएल’ या संस्थेच्या मदतीने अॅल्युमिनिअमचे इंजिन आले. मग इंजिन आणि गिअरपेटी एकाच कवचात बसवणारी रचना आली. गिअर डाव्या पायाशी गेले, बटणाने गाडी सुरू होऊ लागली. २००९ मध्ये हे नवे इंजिन पन्नाशीच्या वळणाचा पेहराव चढवून ‘क्लासिक’ या नावाने विक्रीस आले. मागणी एवढी वाढली की ग्राहकांना महिनोन्महिने थांबावे लागे. आतले यंत्र नवे होते. विकली जात होती ती स्मृती.

२१/
महामार्गाने मात्र एक जुना दोष उघडा पाडला : कंप. एकट्या पिस्टनची वर-खाली हालचाल तोलायला शेजारी दुसरा पिस्टन नसतो. हा असमतोल बल फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून ४,५०० वर गेले तर फेऱ्या दीडपट होतात, कंप सव्वादोन पट. गावच्या रस्त्यावर ताशी ५० ला सुखद वाटणारा ठोका चौपदरीवर ताशी ९० ला तळहातांना मुंग्या आणी आणि नट सैल करी. यंत्र तेच, रस्ता वेगळा, आणि गुणाचा दोष झाला.

२२/
यावरचा उपाय तंत्रज्ञांना ठाऊक होता : इंजिनात उलट दिशेने फिरणारा तोलदंड बसवणे. २०२० मध्ये ‘मिटिऑर’सोबत आलेल्या जे-मालिकेच्या इंजिनात तो बसवण्यात आला. हे इंजिन चेन्नई आणि इंग्लंडमधील ब्रंटिंगथॉर्प येथील अभियंत्यांनी मिळून घडवले. व्यास ७२ मिमी, धाव ८५.८ मिमी, आकारमान ३४९ सीसी. शक्ती सुमारे २० अश्वशक्ती आणि ती मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर. सर्वाधिक ओढ ४,००० वरच. २०२१ मध्ये हेच इंजिन क्लासिकमध्ये आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटमध्ये आले. १९५५ शी असलेला यांत्रिक धागा या इंजिनाने पूर्ण तोडला.

२३/
याच काळात पुण्याजवळच्या चाकणमध्ये एका सिलिंडरचा दुसराच विचार आकार घेत होता. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला आणि २०१३ मध्ये चाकणला बनलेली ‘३९० ड्यूक’ भारतात आली. इंजिन ३७३ सीसीचे, सिलिंडर एकच. पण व्यास ८९ मिमी आणि धाव ६० मिमी. बुलेटच्या नेमके उलट : रुंद आणि आखूड. शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती. जवळपास त्याच आकाराच्या सिलिंडरमधून दुप्पट शक्ती कशी निघाली?

२४/
हिशेब सोपा आणि सुंदर आहे. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर धावेची दुप्पट गुणिले सेकंदाच्या फेऱ्या. जे-मालिकेचे इंजिन ६,१०० फेऱ्यांवर असताना पिस्टन सेकंदाला सुमारे १७.४ मीटर धावतो. ड्यूकचा ९,००० फेऱ्यांवर १८ मीटर. दोन्ही पिस्टनांचे कष्ट जवळजवळ सारखेच! धाव आखूड असल्यामुळे ड्यूक त्याच कष्टांत दीडपट स्फोट करून घेते. त्याला पाण्याने थंड होणे आणि चार व्हॉल्व्हची जोड मिळते. मोबदल्यात ती कमी फेऱ्यांवर कुरकुरते आणि सतत गिअर बदलायला लावते.

२५/
रोजच्या प्रवासाला म्हणूनच लांब धावेचे इंजिन सोयीचे पडते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या रहदारीत कमी फेऱ्यांची ओढ हाताला आणि पायाला विश्रांती देते. पण वजन विसरता येत नाही. आजची बुलेट १९५ किलोंची आहे आणि १०० सीसीची साधी गाडी तिच्या निम्म्याहून थोडी अधिक. पार्किंगमधून मागे ओढताना, चढावर उलट वळवताना आणि गर्दीत पाय टेकताना हा फरक रोज जाणवतो. मायलेजमध्येही ती त्या गाडीच्या जवळपास पोचत नाही. केवळ कचेरीसाठीच गाडी हवी असेल, तर १९८५ चा निकाल आजही कायम आहे.

२६/
महामार्गाचे गणित निराळे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारसायकलींची कमाल मर्यादा द्रुतगती आणि चौपदरी मार्गांवर ताशी ८० किमी ठरवली. ३५० सीसीचे आजचे लांब धावेचे इंजिन नेमके याच वेगाला निवांत असते आणि घाटातही श्वास टिकवून ठेवते. ताशी १०० च्या पुढे मात्र ते ओढून-ताणून चालते. म्हणजे ज्या वेगाला कायदा थांबायला सांगतो, त्याच सुमारास या यंत्राचा आनंदही संपतो. हा मेळ सहसा कोणी लक्षात घेत नाही.

२७/
शिवाय ‘महामार्ग’ हा शब्द भारतीय मोटारसायकलस्वारासाठी मर्यादित अर्थाचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. अटल सेतूवर बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही आहे. पुण्याला निघालेला दुचाकीस्वार आजही जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढतो आणि वाटेत गावे, बैलगाड्या, गतिरोधक व शाळा सुटल्याची गर्दी भेटते. अशा रस्त्यावर ४३ अश्वशक्तीपेक्षा थांबून पुन्हा उचलण्याची ताकद आणि चांगले ब्रेक अधिक कामाचे.

२८/
ब्रेकचा मुद्दा गौण नाही. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक तिच्या वजनाला अपुरे पडत आणि त्याचे कौतुकमिश्रित किस्से आजही सांगितले जातात. आकडे कौतुकाला जागा ठेवत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१९ पासून. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटची तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही होती. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग इंजिनात नाही, डोक्यावर आहे.

२९/
आता तो ३५० चा आकडा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर २८ टक्क्यांखेरीज ३ टक्के उपकर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही भेगेएवढी रेषा दरी झाली : ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. ब्रिटिश बेटावरील शर्यतीच्या गटाचा आकडा शंभर वर्षांनी भारतीय करव्यवस्थेत श्रीमंती आणि सामान्यपणा यांमधील सीमा झाला. होंडानेही भारतासाठी २०२० मध्ये एकाच सिलिंडरची ३४८ सीसीची गाडी आणली होती, तीही ७० मिमी व्यास आणि ९०.५ मिमी धावेची. जुन्या बुलेटच्या मापांशी तिचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे.

३०/
‘फटफटी’च्या आवाजाचीही एक उत्तरकथा आहे. कारखान्यातून येणारा ठोका नियमांनी सौम्य केला, तेव्हा बाहेरून बदललेले सायलेन्सर बसवून तो कर्कश करण्याची लाट आली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोलर फिरवले. जो आवाज कधी यंत्राचा स्वाभाविक श्वास होता, तो इथे मिरवण्याचा मुखवटा झाला. परंपरा आणि परंपरेचे प्रदर्शन यांतला भेद समजायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

३१/
सारांश असा. बुलेट प्रथम टिकली ती टंचाईमुळे : परवाना, परकीय चलन आणि सैन्याची मागणी यांनी तिला पर्याय उरू दिला नाही. मग ती टिकली मिस्त्रींमुळे आणि रस्त्यांमुळे. शेवटी ती टिकली बदलल्यामुळे, कारण १९५५ च्या बुलेटचा एकही महत्त्वाचा भाग आजच्या इंजिनात बसणार नाही. २००० साली महिन्याला दोन हजार गाड्या विकणाऱ्या कंपनीने २०२४-२५ या आर्थिक वर्षात दहा लाखांचा टप्पा ओलांडला. ‘जुने ते सोने’ हे या यशाचे वर्णन नव्हे. जुने काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा तो हिशेब आहे.

३२/
नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलान येथे रॉयल एनफिल्डने विजेवर चालणारी मोटारसायकल दाखवली. नाव ठेवले महायुद्धातल्या त्या चिमुकल्या गाडीचे : फ्लाइंग फ्ली. तिला सिलिंडर नाही, ठोका नाही, फटफट नाही. उद्या अशा निःशब्द गाड्या खेड्यापाड्यांत पोचल्या, तरी मराठी माणूस कदाचित त्यांनाही फटफटीच म्हणेल. लेखणीतून पीस कधीच गेले, तरी ‘पेन’ या शब्दात त्याचे लॅटिन नाव उरले. शब्द यंत्राहून अधिक काळ चालतात, आणि त्यांना पेट्रोलही लागत नाही.